तळटीप : ‘पोटरीची कातडी टाचेला लावली’

मांडीची पातळ त्वचा लावून टाचेची ही जखम का झाकली नाही, असा प्रश्न पडेल. अशा त्वचेला खालून रक्त मिळावे लागते. उघड्या हाडावर किंवा आवरण गेलेल्या कंडरेवर ते मिळत नाही आणि ती काळी पडून सुटते. म्हणून इथे फ्लॅप वापरला : त्यात त्वचा, तिच्याखालची चरबी आणि स्नायूंवरचे आवरण असा सगळा थर आपल्या रक्तवाहिन्यांसह उचलतात. इथला सुरल फ्लॅप पोटरीच्या मागून घेतलेला. त्याचा देठ बाहेरच्या घोट्याच्या साधारण ५ सेंटिमीटर वर राखून तुकडा उलटा फिरवतात, तो टाचेपर्यंत पोहोचतो. डोन्स्की आणि फॉगडेस्टॅम यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. १९९२ मध्ये फ्रान्सचे मास्कले यांनी नसेसोबत धावणाऱ्या रक्तवाहिन्यांवर लिहिल्यावर ती सर्वत्र पसरली. सूक्ष्मदर्शक लागत नाही, ही तिची मोठी सोय. मोटारसायकलच्या आऱ्यांत टाच सापडलेली मुले आपल्याकडे तिचे नेहमीचे रुग्ण.

पुढच्या पानावरची परिचारिका फ्लॅप बोटाने दाबून पाहते, ते उगाच नव्हे. दाबलेली जागा पांढरी होऊन लगेच गुलाबी झाली तर ठीक. जांभळट दिसू लागली तर अशुद्ध रक्त तुंबते आहे. म्हणूनच पाय उंच, आणि टाचेखाली उशीसुद्धा नाही. पावलाच्या बाहेरच्या कडेला आलेल्या बधिरतेचे खापर निवेदक डॉक्टरांवर फोडतो. तो अन्याय आहे : त्या कडेला संवेदना देणारी सुरल नस या शस्त्रक्रियेत बहुधा कापावीच लागते.