कुत्र्याची छत्री कुठल्या घरात?

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या की त्यांतली एक वर्गात न्यावी आणि विचारावे, ‘ही वनस्पती की प्राणी?’ बरीच मुले बेधडक ‘वनस्पती’ म्हणतील. ओलाव्यात उगवते, जागची हलत नाही, आणखी काय हवे? पाठ्यपुस्तक वाचून आलेला एखादा ‘कवक’ म्हणेल. त्याला शाबासकी देऊन आपण पुढे जातो. पण बाकीच्यांचे उत्तर का चुकले, हे सांगायचे राहून जाते. खरे तर दोनशे वर्षांहून अधिक काळ बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ हेच उत्तर देत होते.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५ मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरी’ प्रसिद्ध केले. त्यात निसर्गाच्या तीन सृष्टी होत्या: खनिजे, वनस्पती आणि प्राणी. खनिजे वगळली की सजीवांना दोनच घरे उरतात. गाय, वड, बेडूक, गवत यांच्यापुरती ही वाटणी छान चालते. अडचण होती ती सूक्ष्मदर्शकाखाली. डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७० च्या दशकातच पाण्याच्या थेंबातले इवलेसे जीव पाहिले होते. त्यांचे काय करावे हे लिनियसलाही उमगले नसावे. नंतरच्या एका आवृत्तीत त्याने त्यांतल्या काहींना कृमींमध्ये ढकलले आणि त्या प्रजातीला नाव दिले ‘केऑस’, म्हणजे गोंधळ! इतके प्रामाणिक नाव वर्गीकरणात क्वचितच सापडते.

युग्लिनाचेच पाहा. डबक्यातला हा एकपेशीय जीव हिरवा असतो, उजेडात स्वतःचे अन्न बनवतो, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला आपला म्हणत. तो कशाभिकेच्या साहाय्याने पोहतो, अंधारात ठेवला तर पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतो, म्हणून प्राणिशास्त्रज्ञही त्याच्यावर हक्क सांगत. १८६६ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने अशा जीवांसाठी ‘प्रोटिस्टा’ हे तिसरे घर बांधले. पुढे पेशीत केंद्रक आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आणि १९३८ मध्ये हर्बर्ट कोपलंडने केंद्रक नसलेल्या जिवाणूंना वेगळे काढले. घरे चार झाली. कुत्र्याची छत्री मात्र अजून स्वतःच्या घराविनाच होती.

तिला हक्काचे घर मिळवून दिले रॉबर्ट व्हिटेकर यांनी. हे अमेरिकी परिसंस्थाशास्त्रज्ञ होते. जंगलात कोणत्या वनस्पती कोणाच्या सोबतीने वाढतात, हा त्यांचा अभ्यासविषय. जंगलात हिंडणाऱ्या माणसाला साहजिकच वेगळा प्रश्न पडतो: इथे कोण काय खाऊन जगते? वनस्पती अन्न तयार करतात. प्राणी ते गिळतात आणि पोटात पचवतात. कवक यांपैकी काहीच करत नाही. त्याचे धागे लाकडात शिरून पाचक रस बाहेर सोडतात, लाकूड तिथेच विरघळवतात आणि तो रस शोषून घेतात. म्हणजे आधी पचन, मग जेवण! तीन रीती, म्हणून तीन सृष्टी. व्हिटेकर यांनी १९५९ मध्ये कवके वेगळी काढली आणि १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी. आपण फळ्यावर लिहितो ती ही यादी.

ती अंतिम आहे असे मात्र मुलांना सांगू नये. इलिनॉय विद्यापीठातल्या कार्ल वोज यांनी जीवांचा आकारही पाहिला नाही की आहारही. रायबोसोम प्रत्येक सजीव पेशीत असतात, तेव्हा त्यांतल्या आरएनएची रचना ताडून पाहिली तर कोण कोणाचा नातलग हे कळेल, असा त्यांचा तर्क होता. १९७७ मध्ये त्यांनी व जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव इतर जिवाणूंपासून अगदीच निराळे आहेत. आपल्या गोबरगॅसच्या टाकीतही हेच सूक्ष्मजीव काम करतात. ‘मोनेरा’ या एका छपराखाली दोन परकी कुळे नांदत होती तर! अनेक जीवशास्त्रज्ञांना हे पटायला बरीच वर्षे लागली. १९९० मध्ये वोज यांनी सहकाऱ्यांसह सृष्टींच्याही वर तीन मोठे गट मांडले: बॅक्टेरिया, आर्किया आणि युकेरिया. प्रोटिस्टा तर आता एक कूळ म्हणून उरलेच नाही. तो अनेक कुळांचा गोतावळा निघाला.

आणि आपली छत्री? १९९३ मध्ये रेणूंच्या तुलनेतून दिसले की कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. झुरळाच्या कवचातही तेच असते.

हे नाते कधीकधी महागात पडते. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून इतकी वेगळी, की तिलाच नेमके मारणारी प्रतिजैविके पुष्कळ सापडली. कवकाची पेशी आपल्या पेशीच्या वळणाची. तिला मारायला जावे तर घाव आपल्यावरही बसू शकतो. २०२१ मध्ये कोरोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, तेव्हा महाराष्ट्रात ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांची धावाधाव चालली होती. हे औषध कवकाच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल या द्रव्याला पकडते. आपल्या पेशीपटलातले कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड. म्हणूनच हे औषध देताना डॉक्टरांना रुग्णाच्या मूत्रपिंडांवर सतत लक्ष ठेवावे लागते.