दिवाणखान्यातील समुद्र

काचेच्या टाकीत समुद्रपुष्पाच्या शुंडकांमध्ये अंग घुसळणारा, केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा विदूषक मासा आता मुंबई-पुण्याच्या घरांतही पाहावयास मिळतो आणि पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्याच्या रंगावर खिळून राहते. परंतु ज्याला या छंदाचा पूर्वेतिहास जाणून घ्यावयाचा असेल त्याने माशावरची नजर काढून ती पाण्याकडे वळवावी, असे मला वाटते. समुद्रापासून दूर, चार भिंतींच्या आत, खारे पाणी नासू न देता कसे राखावे हे उमगण्यातच माणसाची शंभरांहून अधिक वर्षे गेली आणि समुद्रपुष्प व त्याच्या आश्रयाने राहणारा मासा यांचे बिऱ्हाड घरात थाटले गेले ते त्यानंतरच.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेतील एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची पत्नी अ‍ॅना थिन ही १८४६ साली डेव्हन परगण्यातील टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेली असता तेथील खडकांवरील पोवळ्याच्या जातीच्या चिमुकल्या प्राण्यांनी तिला असे काही वेड लावले, की त्यांना लंडनला नेल्यावाचून तिच्याने राहवेना. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत आणि पाणी मात्र त्यांच्या सर्वांगाभोवती खेळते राहावे, म्हणून तिने एक मोठा स्पंज घेतला, सुईदोऱ्याने ते प्राणी त्याच्यावर टाचले आणि दगडी बरणीतील खाऱ्या पाण्यात तो सोडला. लंडनला पोहोचल्यावर आरंभी किनाऱ्यावरून दिवसाआड ताजे पाणी मागविण्याची तजवीज होती. पण ती कायमची निभणारी नव्हती, तेव्हा उघड्या खिडकीसमोर उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत राहावयाचे आणि त्याला वारा पाजावयाचा, असा उपाय तिने योजला. हे काम अर्धा-पाऊण तास चाले आणि ते घरच्या मोलकरणीच्या वाट्याला येई. आज विजेचा लहानसा पंप जे काम अहोरात्र बिनबोभाट करतो ते प्रथम मानवी मनगटांनी केले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मोलकरणीला या इतिहासात मानाचे पान द्यावे असे मनापासून वाटते. पुढच्या वर्षी अ‍ॅनाने त्या पाण्यात सागरी वनस्पती सोडल्या आणि तिचे प्राणी दीर्घकाळ जगले. मात्र तिचा वृत्तान्त छापून आला तो १८५९ साली, जेव्हा या छंदाचे श्रेय इतरांच्या पदरी पडून चुकले होते.

त्या इतरांपैकी रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनवेत्ता. मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एका भांड्यात ठेवल्यास वनस्पती प्राणवायू पुरवितात, गोगलगाई कुजलेली पाने खाऊन टाकतात आणि पाणी न बदलताही समतोल टिकतो, हे त्याने १८५० साली रसायन परिषदेपुढे मांडले. निसर्गवेत्ता फिलिप हेन्री गॉस याने हाच विचार समुद्राला लावला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले त्यात त्याचा मोठा हात होता आणि दुसऱ्याच वर्षी निघालेल्या त्याच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाने मध्यमवर्गीय घरांत हे वेड शिरले. काचेवरील जकात इंग्लंडच्या सरकारने १८४५ सालीच उठविली असल्यामुळे टाक्या आवाक्यात आल्या होत्या, आगगाडीने किनारा काही तासांवर आणला होता, आणि विल्यम अल्फर्ड लॉइड याच्या लंडनमधील दुकानात समुद्राचे पाणी, प्राणी व टाक्या असे सगळे जिन्नस विकत मिळू लागले होते. ज्यांना समुद्राचे पाणी दुर्मीळ त्यांच्यासाठी साधे मीठ आणि मॅग्नेशियम-पोटॅशियमचे क्षार मोजून मिसळण्याची कृती गॉसने देऊन ठेवली होती. आज पिशवीतून मिळणाऱ्या कृत्रिम समुद्री मिठाचे मूळ तेथे आहे.

या लाटेने किनाऱ्याचे जे केले ते मात्र दुःखद होते. टोपल्या, छिन्न्या आणि बरण्या घेऊन आलेल्या हौशी लोकांनी ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी डबकी खरवडून रिकामी केली, आणि हा सर्व प्रकार बालपणी आपल्या पित्याबरोबर हिंडताना पाहिलेल्या एडमंड गॉस याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्या नष्ट झालेल्या सौंदर्याबद्दल, आणि त्याला आपल्या पित्याचीच पुस्तके कारण झाली याबद्दल, तीव्र खंत व्यक्त केली आहे. घरी नेलेले बहुतेक जीव लवकरच मरत, कारण लोकांना समतोलाचे तत्त्व पाठ होते, पण पाण्यात नेमके काय घडते हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तरीही धीराने पाळले तर एक समुद्रपुष्प किती जगू शकते, याचे उदाहरण त्याच काळात स्कॉटलंडमध्ये घडत होते. सर जॉन डॅलियेल या कायदेपंडिताने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकावरून उचललेले एक तांबूस समुद्रपुष्प एडिंबरो येथे काचेच्या साध्या भांड्यात ठेवले होते. १८५१ साली डॅलियेल निवर्तला, पण त्याचे समुद्रपुष्प एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे वारसाहक्काने गेल्याप्रमाणे जात राहिले. त्याला ‘ग्रॅनी’ म्हणजे आजीबाई असे नाव पडले, दर्शनाला येणाऱ्यांसाठी नोंदवही ठेवली गेली, आणि कालव-शिंपल्यांच्या मांसाचा बेताचा घास व वेळच्या वेळी बदललेले पाणी एवढ्या बंदोबस्तावर, वाटेत एका रात्रीत दोनशेहून अधिक पिल्ले प्रसवून, ते १८८७ सालापर्यंत जगले.

हे सारे थंड पाण्यातील जीव होते. विदूषक मासा हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागांतला रहिवासी. अटलांटिकमध्ये तो मुळीच नाही. कथबर्ट कॉलिंगवुड याने १८६८ साली चिनी समुद्रातील प्रवाळखडकांवर मोठ्या समुद्रपुष्पाच्या उदरात वावरणाऱ्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा युरोपला या सहजीवनाची वार्ता लागली. पुढे यान फर्वे या डच प्राणिशास्त्रज्ञाने बटाव्हियाच्या उपसागरात या जोडप्याचा सविस्तर अभ्यास करून तो १९३० साली छापला. समुद्रपुष्पाच्या शुंडकांत दंशकोशिका असतात आणि सामान्य मासा त्यांच्या स्पर्शाने लुळा पडतो. विदूषक मासा मात्र अंगावरील श्लेष्माच्या आवरणामुळे वाचतो, आणि नव्या समुद्रपुष्पाशी ओळख करून घेताना तो आधी शेपटी, मग पोट असे हळूहळू टेकवीत जातो, हे टाकीपाशी शांतपणे बसणाऱ्यालाही दिसू शकते.

बटाव्हियाचे जकार्ता झाल्यावर त्याच नगरीतून पाण्याच्या प्रश्नालाही एक मोठे उत्तर मिळाले. त्याची पूर्वतयारी युरोपात झाली होती: लॉइडने १८७१ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील मत्स्यालयासाठी प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा असा अंधारा भूमिगत हौद बांधून पाणी सतत फिरते ठेवले आणि ते निवळ राहते हे अनुभवाने ओळखले, तर प्राण्यांच्या मलमूत्रातून उत्पन्न होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतू सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. या दोन गोष्टींचा सांधा छंदिष्टांच्या ध्यानात येण्यास फार विलंब लागला. जकार्त्याचा ली चिन एंग याने १९६१ साली आपली रीत प्रसिद्ध केली ती आश्चर्य वाटावे इतकी सोपी होती: प्रवाळखडकाचे जिवंत तुकडे, भरपूर सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे. त्या खडकाच्या छिद्राछिद्रांत तेच सूक्ष्मजंतू वस्ती करून असतात, आणि उष्ण कटिबंधातील समुद्रपुष्पांच्या देहात राहणाऱ्या एकपेशीय शैवालांना जो प्रखर उजेड लागतो तो त्यांना येथे मिळाला. मला विचाराल तर या इतिहासात गॉसच्या ग्रंथाहून लीच्या या रीतीचे महत्त्व अधिक आहे.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते लीची रीत प्रसिद्ध होण्याच्या दहा वर्षे आधी, १९५१ साली, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. समुद्र रस्त्यापलीकडेच असल्यामुळे तेथे पाण्याचा प्रश्न निराळा होता. पण सागरी मासे काचेपलीकडून पाहण्याची गोडी मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांना त्या वास्तूने लावली.

राहता राहिला प्रजननाचा प्रश्न. विदूषक माशांच्या घरोब्यात सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर आणि उरलेले लहान मासे अप्रजोत्पादक असतात. मादी मेली की नरच मादी होतो, हे १९७७ साली हान्स व सिमोन फ्रिके यांनी सिद्ध केले. म्हणजे कोणतीही दोन लहान पिल्ले एकत्र वाढविली तरी जोडी जमते. अंडी समुद्रपुष्पाच्या पायथ्याशी खडकावर घातली जातात, नर त्यांना पंखांनी वारा घालतो, आठवडा-दीड आठवड्याने अंधार पडल्यावर ती फुटतात, आणि धाग्याएवढ्या पिल्लांना आधी रोटिफर व नंतर आर्टेमिया नावाचे सूक्ष्म जीव चारावे लागतात. मार्टिन मो याने फ्लॉरिडात १९७० च्या दशकाच्या आरंभी हे व्यापारी प्रमाणावर साधले. विदूषक मासा नायक असलेल्या २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटामुळे मागणी भडकून प्रवाळखडक ओस पडले, अशी हाकाटी पुष्कळ झाली. पुढील संशोधनात मात्र तिला भक्कम आधार सापडला नाही. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढविलेले मासे मुबलक मिळतात, हे त्याचे एक कारण असावे. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली येथे महाराष्ट्र शासनाच्या कांदळवन प्रतिष्ठानाने अशीच हॅचरी उभारली आहे.

हॅचरीत जन्मलेल्या माशाला समुद्रपुष्पावाचून चालते. शत्रूच नसेल तेथे रक्षक कशाला? समुद्रपुष्पाची पैदास मात्र अजून तितकी सुकर झालेली नाही. लाल बुडबुड्यांसारख्या शुंडकांची एक जात टाकीत आपणहून दुभंगून वाढते आणि छंदिष्ट तिची देवघेव करतात. गालिच्याप्रमाणे पसरणाऱ्या मोठ्या जाती मात्र अद्याप बहुतांशी समुद्रातूनच उचलल्या जातात. निसर्गात त्या कित्येक दशके जगतात, नवख्याच्या टाकीत बहुधा काही महिन्यांतच आक्रसून मरतात, आणि खडकावरून एक उचलली की तिच्या आश्रयाने राहणारे मासे उघड्यावर पडतात. म्हणून जाणते छंदिष्ट नवख्याला सांगतात, की टाकीतले पाणी निदान सहा महिने मुरू द्यावे, मासा हवा तर हॅचरीतला आणावा, आणि समुद्रपुष्प आणावयाचेच असेल तर कोणाच्या तरी टाकीत दुभंगलेले मागून घ्यावे.