शिंदीचीं झाडें आणि व्यसनाची आठवण

१९४७ सालच्या उत्तरार्धांत हैदराबाद संस्थानच्या सरहद्दीवरील खेड्यांत कुऱ्हाडींचे आवाज ऐकूं येत. सत्याग्रही शिंदीचीं झाडें तोडीत असत. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या लढ्यांतील तो एक ठरलेला कार्यक्रमच होता. कारण आबकारी हा निजामसरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता, आणि झाड पडलें म्हणजे गुत्तेदाराबरोबर सरकारचेंही उत्पन्न बुडे. माझे वडील देगलूरकडचे. ते सांगत कीं, ओढ्याकांठचीं झाडें आडवीं झालीं त्याच्या दुसऱ्या दिवशीं गांवांतील दोघे-तिघे नित्याप्रमाणें संध्याकाळीं येऊन त्या बुंध्यांपाशीं बसले. मडकें नाहीं, शिंदी नाहीं. पण वेळ झाली होती, म्हणून पाय तिकडे वळले!

लहानपणीं मला ही गोष्ट विनोदाची वाटे. पुढें नांदेडास मास्तरकींत आयुष्य गेलें, आणि माझ्याच हाताखालून गेलेलीं मुलें बाटलीच्या आहारीं गेलेलीं पाहिलीं, तेव्हां तींतील विनोद ओसरला.

व्यसन म्हणजे दुबळी इच्छाशक्ति, अशी आपली जुनी समजूत आहे. राम गणेश गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर हा बुद्धिमान वकील. तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, आणि तो निश्चय खोटा नसतो. परंतु अपमानाचा प्रसंग येतांच तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. प्रेक्षक म्हणतात, माणूस कच्चा निघाला. मला वाटतें, गडकऱ्यांची दृष्टि त्याहून खोल होती. अपमान आणि प्याला यांची गांठ सुधाकराच्या मनांत पूर्वींच पडलेली होती. शपथ दारूविरुद्ध होती, गांठीस तिनें हातही लावला नव्हता. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही हाच भेद केला आहे: आहार सोडणाऱ्याचे विषय सुटतात, त्यांची गोडी मात्र मागें राहते.

या गांठीचें शास्त्र रशियाच्या पाव्हलॉव्हपासून सुरू होतें. घंटा व अन्न यांची जोडी जमली म्हणजे नुसत्या घंटेनें कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें आपण शाळेंत शिकलों. अमेरिकेंत केंटकी प्रांतांतील लेक्सिंग्टन येथें अफूच्या व्यसनी लोकांसाठीं १९३५ सालीं सरकारी रुग्णालय निघालें. तेथील डॉक्टर एब्राहम विक्लर यांनीं १९४८ च्या सुमारास हाच नियम माणसास लावला. महिनोन्महिने शुद्ध राहिलेला रोगी जुन्या वस्तींत परततांच त्याला अंमल उतरल्यासारखी तळमळ लागते; औषध शरीरांतून केव्हांच गेलेलें असतें, तळमळ लागते ती जागेमुळें, असें त्यांचें म्हणणें होतें. याची उलट बाजू व्हिएतनामच्या युद्धानंतर दिसली. तेथें अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें पंचमांश हेरॉइनच्या आहारीं गेले होते. १९७१ सालीं मायदेशीं परतलेल्या अशा शिपायांची ली रॉबिन्स या विदुषीनें पाहणी केली, तेव्हां पहिल्या वर्षांत त्या व्यसनींपैकीं शेंकडा पांचच पुन्हा व्यसनांत गुरफटलेले आढळले. सैगांवची गल्ली मागें राहिली होती; हें एकच कारण नसेल, पण तें लहानही नव्हे. आमच्याकडच्या माणसाला मात्र उपचार घेऊन त्याच आळींत, त्याच पानपट्टीच्या शेजारीं परतावें लागतें.

मग ती आठवणच सैल करतां येईल काय? पूर्वीं समजूत अशी होती कीं, एकदां पक्की झालेली स्मृति दगडावरील रेघेसारखी असते. १९६८ सालीं उंदरांवरील एका प्रयोगानें या समजुतीस प्रथम धक्का दिला, आणि २००० सालीं न्यूयॉर्कमध्यें करीम नादेर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो पुढें नेला. स्मृति जागी झाली कीं कांहीं वेळ ती ओल्या मातीसारखी होते. पुन्हा घट्ट होण्यासाठीं तिला मेंदूंत नवीं प्रथिनें लागतात. त्या अवधींत तें काम अडविल्यास उंदीर शिकलेली भीति विसरतो. २०१२ सालीं चिनी संशोधकांनीं औषधावांचून हाच मार्ग व्यसनी माणसांवर चोखाळला. हेरॉइन सोडलेल्या रोग्यांस त्या व्यसनाची चित्रफीत अल्पकाळ दाखवून आठवण जागी केली. दहा मिनिटांनीं तींच दृश्यें व साधनें सुमारें तासभर पुनःपुन्हा दाखविलीं, परंतु हेरॉइन मिळालें नाहीं. घंटा वाजते, अन्न येत नाहीं, असेंच म्हणाना! या रोग्यांची तळमळ सहा महिन्यांनंतरही कमी आढळली. ज्यांच्या बाबतींत मध्यें दहा मिनिटांऐवजीं सहा तास जाऊं दिले, त्यांना हा लाभ झाला नाहीं.

यावरून रामबाण उपाय सांपडला असें कोणी समजूं नये. पुढील प्रयोगांत सर्वत्र सारखा अनुभव आला नाहीं. शिवाय घटना पुसली जात नाहीं. बायकोचे दागिने विकल्याची आठवण राहते, आणि ती राहावीच. सैल होते ती ओढ. आणि हें काम जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखालचें आहे. एकट्यानें गुत्त्यासमोर उभें राहून मनाची परीक्षा पाहणें म्हणजे दिवा घेऊन गवताच्या गंजींत शिरणें होय.

आपल्याकडे पुण्यास १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं ‘मुक्तांगण’ उभें केलें, पु. ल. देशपांडे यांचें साह्य त्याच्या पाठीशीं होतें. गर्द ऊर्फ ब्राऊन शुगरनें मुलें गिळावयास सुरुवात केली होती, तो तो काळ. तेथें उपचार संपल्यावरही पाठपुरावा सुटत नाहीं, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. कारण खरी लढाई परतीच्या रस्त्यावर असते.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका ठिकाणीं राहून नांदेडास परतला. तीन महिने निर्धोक गेले होते. स्टेशनाबाहेर पडतांच एका वळणावर तळलेल्या भज्यांचा वास आला आणि त्याचा हात थरथरूं लागला. माझ्याकडे येऊन म्हणाला, “गुरुजी, तहान नव्हती. तें वळण होतें.” मीं त्याला व्याख्यान दिलें नाहीं, पूर्वीं दिलीं होतीं, त्यांचा उपयोग ठाऊक होता. त्याच्या डॉक्टरांना विचारून आम्ही दोघे रोज संध्याकाळीं सहाच्या सुमारास त्या वळणावरून चालूं लागलों. प्रथम तो माझ्या दंडाला घट्ट धरी. पावसाळा गेला, तसा हात सुटला. गेल्या दिवाळींत तो वळणावर क्षणभर थांबला, मी चरकलों. त्यानें खिशांतून दहाची नोट काढली, गाड्यावरून भजीं घेतलीं आणि पुडा माझ्यापुढें धरला. भजीं तिखट होतीं.