स्कॉटलंडच्या एका खेड्यातील गरिबांची पेटी

जॉन विल्सन हे नाव बेने इस्राएल घरात वाढलेल्या ज्येष्ठांना नवे नाही. 1829 साली ते मुंबईस आले. 1832 साली त्यांनी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापले. त्यांच्या आणि त्यांच्या स्कॉटिश सहकाऱ्यांच्या शाळांतून आपल्या पणजोबा-खापरपणजोबांपैकी पुष्कळ जण अक्षर शिकले. या लोकांनी आपला धर्म बदलावा म्हणून पुष्कळ खटपट केली, पण आपल्या वाडवडिलांनी व्याकरण ठेवून घेतले आणि बाकीचे नम्रपणे परत केले. ही हकिगत अनेकदा सांगून झाली आहे. पण हे विल्सनसाहेब वाढले कोणत्या समाजात, हे सहसा कोणी विचारत नाही. ते 1804 साली स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लॉडर या लहानशा गावी जन्मले. अशा गावात चर्चचा कारभार म्हणजे केवळ रविवारची प्रार्थना नव्हे. म्हाताऱ्यांचे, विधवांचे, अनाथांचे पोट आणि साऱ्या गावाची अब्रू, दोन्ही त्याच कारभाऱ्यांच्या हाती असत.

हा कारभार कसा चाले ते नीट समजावे म्हणून आम्ही लॉडर बाजूला ठेवून एअरशायर परगण्यातील मॉखलिन हे गाव घेतले आहे. तेथील 18व्या शतकातल्या भानगडी एका मोठ्या कवीमुळे जगभर माहीत झाल्या.

आधी थोडी व्यवस्था सांगतो. स्कॉटलंडने 1560 साली पोपची सत्ता झुगारून दिली. देशाचे पॅरिश पाडलेले होते. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याभोवतालच्या वाड्या-वस्त्या. प्रत्येक पॅरिशात एक पंचायत असे, तिला ‘कर्क सेशन’ म्हणत. कर्क म्हणजे त्यांच्या बोलीत चर्च. पाळक तिचा अध्यक्ष, आणि गावचे शेतकरी, कारागीर, दुकानदार यांच्यातून निवडलेले ‘वडील’ हे तिचे सभासद. आपल्या कोकणातल्या गावी मुकादम, चौगुला आणि काजी मशिदीत बसून जमातीचे तंटे तोडीत, तसेच काहीसे हे होते. फरक एवढाच की सेशनच्या पाठीशी राजाचा कायदा होता. 1579च्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरिशवर टाकली आणि ते शतक संपण्यापूर्वी ती सेशनच्या हाती आली. पुढे जमीनदारांनाही त्यात भागीदार केले गेले, पण रोजचे काम पाळक आणि वडीलच करीत.

या कामाचे केंद्र म्हणजे एक पेटी. मजबूत लाकडाची, बहुधा दोन कुलपांची, आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याने ती उघडता येऊ नये. आपल्या मिश्नेत गरिबांच्या ‘कुप्पा’साठी दोघांनी गोळा करावे आणि तिघांनी वाटावे असा नियम आहे. पैशाच्या बाबतीत माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच ओळखला गेला होता, असे म्हणावे लागते.

या पेटीत पैसा येई कोठून? मुख्य मिळकत म्हणजे रविवारची वर्गणी. एखादा वडील चर्चच्या दाराशी थाळी घेऊन उभा राही, किंवा लांब दांड्याची लाकडी पळी बाकांमधून फिरवली जाई. लोक तांब्याची नाणी टाकीत, आणि त्यांत खोटी किंवा दुसऱ्या देशाची, बाजारात न चालणारी नाणीही बरीच असत. देवाच्या थाळीत खोटे नाणे टाकणारा भक्त सर्व धर्मांत आहे! अशी नाणी साठली की सेशन ती धातूच्या भावाने वजनावर विकून टाकी. दुसरी मिळकत मयताची. सेशनच्या मालकीचे एक काळे मखमली वस्त्र असे. प्रेत नेताना ते वरून घालीत आणि त्याचे भाडे घेत. श्रीमंतासाठी उंची वस्त्र, साध्या माणसासाठी जुने, आणि यादीवरच्या गरिबाला फुकट. तिसरी मिळकत लग्नाची, म्हणजे चर्चमध्ये लग्नाची जाहीर घोषणा करण्याची फी. मरताना कोणी गरिबांच्या नावे रक्कम ठेवून जाई. ती रक्कम सेशन व्याजाने लावी, म्हणजे गावची लहानशी बँकही तेच होते. आणि शेवटची मिळकत म्हणजे पाप्यांचा दंड. तिच्याकडे पुढे वळू.

पेटीतून जाई ते असे. यादीवरच्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्याला किंवा महिन्याला थोडी रोकड, आणि 18व्या शतकाच्या अखेरीस खेड्यात आठवड्याचा एक शिलिंग मिळणे म्हणजे बरेच मिळणे. त्याखेरीज ओटचे पीठ, हिवाळ्यात जळण, जोडे, अनाथ पोराची शाळेची फी, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या शेजारणीला चार पैसे, आणि शेवटी शवपेटी. 1782चे पीक बुडाले तेव्हा अनेक पॅरिशांत सेशन आणि जमीनदारांनी धान्य विकत घेऊन तोटा सोसून गरिबांना विकले. पुस्तकी हिशोब पाहिला तर रकमा क्षुल्लक वाटतात. पण वाटणाऱ्या वडिलाला त्या म्हातारीचे घर, तिचा खोकला, तिचा परगावी गेलेला मुलगा, सगळे ठाऊक असे, आणि कोणाला जोडे हवेत व कोणाला पीठ, हे त्याला विचारावे लागत नसे.

मदत मात्र सर्वांना नव्हती. म्हातारे, आजारी, अपंग, अनाथ एवढेच हक्काचे. अंगात ताकद असून काम नसलेल्या माणसाला नियमाने काही नाही. पॅरिशात 3 वर्षे राहिलेला असावा लागे, नाहीतर त्याला त्याच्या मूळ गावी पिटाळत. काही ठिकाणी गावच्या भिकाऱ्यांना शिशाचे बिल्ले देत, बिल्ला दिसला की आपला, नाही तर परका. आणि कित्येक पॅरिशांत यादीवर नाव चढवताना घरातल्या सामानाची नोंद करीत. म्हातारी वारली की तिचे अंथरूण, भांडे, चरखा विकून पैसे पुन्हा पेटीत. यात हिशोब चोख आहे, पण आपली चरखी आपल्या डोळ्यांदेखत कागदावर चढताना त्या बाईला काय वाटले असेल, ते त्या वहीत कोठेही लिहिलेले नाही.

आता शिस्तीकडे येऊ. रविवारी प्रवचन चालू असताना वडील गावातून फेरी मारीत: कोण घरात बसला आहे, कोण दारूच्या गुत्त्यात, कोण शेतात. शब्बाथ मोडणे, शिवीगाळ, दारू, शेजाऱ्याची बदनामी, जादूटोणा या सर्वांची चौकशी सेशनपुढे होई. पण वह्यांची पाने सर्वांत जास्त भरली ती लग्नाविना राहिलेल्या गर्भांनी. मुलीला बोलावणे येई आणि बापाचे नाव विचारले जाई. ती सांगत नसेल तर प्रसूतीच्या वेणांत सुईणीने ते काढून घ्यावे असेही सांगितलेले असे. मग दोघांनी ठराविक रविवार, साधारणपणे तीन, साऱ्या मंडळीसमोर ‘पश्चात्तापाच्या स्टुलावर’ उभे राहून पाळकाची कानउघाडणी ऐकायची. व्यभिचाराला याहून कितीतरी अधिक रविवार, आणि जुन्या काळी अंगावर गोणपाटही. चर्चच्या भिंतीला साखळीने लोखंडी कडे टांगलेले असे, ते हट्टी अपराध्याच्या गळ्यात अडकवीत. गाव सोडून दुसरीकडे चाकरीस जायचे तर सेशनकडून चांगल्या वागणुकीचा दाखला न्यावा लागे. दाखला नाही तर नवे गाव संशयाने पाही.

लग्नाच्या परवानगीसाठी आजी-पणजीपर्यंतची चौकशी सोसलेल्या आपल्या पिढीला या दाखल्याचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

दंड याच पेटीत पडे. म्हणजे गावातल्या तरुणांच्या चुकांवर गावातल्या म्हाताऱ्या जगत. पैसेवाला अपराधी जरा मोठी रक्कम पेटीत टाकून स्टुलावरचे एक-दोन रविवार कमी करून घेऊ शके. मोलकरणीला ते जमत नसे. आणि हीच मोलकरीण पुढे मूल कडेवर घेऊन पीठ मागायला आली की तिच्यासमोर तेच टेबल, तेच वडील आणि तीच वही असे.

मॉखलिनमध्ये 1742 पासून 1791 पर्यंत विल्यम ऑल्ड हे पाळक होते. जवळजवळ पन्नास वर्षे एकच माणूस! गाव त्यांना बापाच्या नात्याने हाक मारी. कडक होते, पण लबाड नव्हते. त्यांच्या पॅरिशात गॅव्हिन हॅमिल्टन नावाचे वकील राहत, सुखवस्तू, हसतमुख आणि चर्चचे फारसे वेड नसलेले. गरिबांसाठी बसवलेली पट्टी वसूल करण्याचे काम त्यांच्याकडे होते. हिशोबात पैसे कमी आले असे सेशनचे म्हणणे, तर ज्यांच्याकडे द्यायलाच नव्हते त्यांच्यामागे आपण तगादा लावला नाही असे त्यांच्या बाजूचे म्हणणे. ही तेढ आत धुमसत राहिली. मग 1784-85 साली त्यांच्यावर वेगळेच आरोप आले: अमुक रविवारी चर्चला गैरहजर, एका रविवारी प्रवासाला निघाले, घरात नित्य प्रार्थना होत नाही, आणि सेशनला उर्मट पत्र लिहिले. हॅमिल्टननी वरच्या सभेकडे दाद मागितली आणि ते सुटले. सेशन मात्र थांबले नाही. 1787 साली रविवारी बागेतले बटाटे खणून घेतले म्हणून पुन्हा बोलावणे! भांडण पैशाचे, खटला शब्बाथचा. असे प्रकार पाहण्यासाठी स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही, असे म्हणणारे आमचे काही मित्र आहेत.

या हॅमिल्टनांची शेतजमीन खंडाने करणारा तरुण म्हणजे रॉबर्ट बर्न्स, पुढे स्कॉटलंडचा राष्ट्रकवी. सेशनमधले विल्यम फिशर हे वडील इतरांची पापे शोधण्यात फार उत्साही. बर्न्सने 1785 साली त्यांच्या तोंडी एक प्रार्थना घातली, ‘होली विलीज प्रेअर’. तिच्यात हा गृहस्थ देवाजवळ स्वतःची पापे हळूच मिटवून घेतो आणि हॅमिल्टनसाठी शाप मागतो. छापण्याची सोय नव्हती, पण हस्तलिखित प्रती हातोहात फिरल्या. त्यावर सेशनच्या अनेक बैठका झाल्या असे बर्न्सनेच पुढे एका पत्रात लिहिले आहे. फिशरने गरिबांच्या पेटीत हात घातला अशी कुजबुजही होती आणि बर्न्सने ती कवितेत आणली, पण ते सिद्ध झालेले नाही. कवीने केलेला आरोप म्हणजे पुरावा नव्हे. दारूबद्दल मात्र 1790 साली ऑल्डसाहेबांनी फिशरला कान उपटले, हे नोंदलेले आहे. निदान पाळकाने आपल्या वडिलालाही सोडले नाही.

बर्न्सवर पाळी आली ती 1786 साली. गावातल्या गवंड्याची मुलगी जीन आर्मर गरोदर राहिली. दोघांमध्ये लग्नाचे वचन झाले होते, पण तिच्या बापाने ते मोडायला लावले. त्या उन्हाळ्यात बर्न्सने तीन रविवार मंडळीसमोर कानउघाडणी ऐकली. स्टुलाऐवजी आपल्या नेहमीच्या जागी उभे राहण्याची सवलत त्याला मिळाली. 31 जुलै रोजी, म्हणजे शेवटच्या रविवारच्या आठवडाभर आधी, किल्मार्नॉकला त्याचे पहिले पुस्तक निघाले, 612 प्रती, किंमत 3 शिलिंग. 3 सप्टेंबरला जीनला जुळे झाले. पुस्तकाने तो वर्षभरात देशात गाजला, परंतु मॉखलिनच्या वहीत तो इतरांसारखाच एक अपराधी होता. पुढे दोघांनी आपसांत लग्न मानले. 5 ऑगस्ट 1788 रोजी ती दोघे सेशनपुढे आली, चूक कबूल केली, एकमेकांना धरून राहण्याचे वचन दिले, आणि सेशनने लग्न मान्य केले. अशा वेळी नवऱ्याने गरिबांसाठी काही द्यावे अशी चाल आहे, असे त्याला सांगण्यात आले. त्याने एक गिनीची नोट दिली. गिनी म्हणजे 21 शिलिंग, आठवड्याला शिलिंग धरला तर एका म्हातारीचे पाच महिने.

त्या गिनीने कोणाची चूल पेटली असेल, आणि ते वाईट म्हणता येणार नाही. पण आपल्या मिश्नेत बेथ हमिकदाशातील एका दालनाचे वर्णन आहे. तेथे देणारा गुपचूप ठेवून जाई आणि चांगल्या घरचा गरीब गुपचूप घेऊन जाई, कोणी कोणाचे तोंड पाहत नसे. स्कॉटिश पेटीची रीत बरोबर उलटी, देणारा दिसला पाहिजे, घेणारा दिसला पाहिजे आणि पापी तर सर्वांत आधी दिसला पाहिजे. आज आपल्यापैकी अनेकांचा किट्स्बा महिन्याच्या 28 तारखेला बँकेत जमा होतो, आणि शब्बाथला आपण कोठे होता हे कोणी विचारीत नाही. बँकेतल्या त्या आकड्याला आपला खोकला माहीत नसतो, हेही खरे आहे. तरी या दोहोंत निवडायचे झाले तर आम्ही आकडा निवडू.

स्कॉटलंडातही हाच वाद झाला. थॉमस चामर्स हे पाळक पूर्वी फाइफमधल्या किलमनी या खेड्यात होते. गरिबांसाठी सक्तीचा कर नको, शेजाऱ्याची ओळख आणि वर्गणीच पुरे, असे त्यांचे ठाम मत. 1819 पासून ग्लासगोच्या सेंट जॉन्स पॅरिशात त्यांनी तो प्रयोग करून दाखवला. उलट एडिंबरोचे डॉक्टर विल्यम अॅलिसन यांनी 1840 साली लिहिले की गरिबी आणि तापाची साथ हातात हात घालून चालतात, आणि स्कॉटलंडची मदत लाजिरवाणी तुटपुंजी आहे. चामर्स मोठे वक्ते, पण आजाऱ्यांच्या खोल्यांतून फिरलेला माणूस अॅलिसन होता.

निकाल वादाने लागला नाही, फुटीने लागला. 18 मे 1843 रोजी पाळक नेमण्याच्या हक्कावरून स्कॉटलंडचे चर्च दुभंगले. चामर्स यांच्या मागे साडेचारशेंहून अधिक पाळक बाहेर पडले आणि फ्री चर्च उभे राहिले. मुंबईत विल्सनसाहेबही त्यांच्याबरोबर गेले. आता गावात दोन चर्चे, दोन थाळ्या. अर्धे गाव ज्या सेशनला मानत नाही त्याने साऱ्या गावाचे गरीब कसे पोसायचे? 1845च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशात वेगळे मंडळ आणि गरिबांसाठी पगारी निरीक्षक नेमला गेला, आणि वर देखरेखीस एडिंबरोला मध्यवर्ती मंडळ आले. निरीक्षकाने नाही म्हटले तर म्हातारीला शेरिफकडे दाद मागता येऊ लागली. स्टूल तोवर बहुतेक ठिकाणी अडगळीत गेले होते.

लग्नाविना आई झालेली बाई निरीक्षकाकडे आली तर तिला रोकड सहसा मिळत नसे. तिला गरीबखान्याचे दार दाखवीत, आत यायचे तर ये, नाही तर जा.