बी.डी.डी. चाळी : सार्वजनिक गृहनिर्माण आणि अर्थपुरवठा

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरटंचाई तीव्र झाली. सातारा, सांगली व कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांना तिची सर्वाधिक झळ बसली. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या शासनाने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन केले. ५०,००० खोल्या बांधण्याचे उद्दिष्ट होते. त्यासाठीचा निधी विकास कर्जातून आणि कापसाच्या गासडीमागे १ रुपया या करातून उभारला गेला.

प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, तर शौचालये सामायिक होती. भाडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी ठेवल्याने तूट शासनाकडे राहिली. म्हणजेच बांधकामासाठी स्वतंत्र कर योजला गेला. मात्र देखभालीचा भार अपुऱ्या भाड्यावर पडला. चाळींच्या पुढील जीर्णतेचे एक मूळ या रचनेत आढळते.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकास म्हाडाकडे सोपविण्यात आला. पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते. खर्च अतिरिक्त सदनिकांच्या विक्रीतून भरून काढावयाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ सदनिका सुपूर्द झाल्या.

सारांश, निधीचा आधार कापसाकडून जमिनीच्या मूल्याकडे सरकला. परंतु विक्रीचे उत्पन्न एकदाच मिळते, देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी येतो. त्याची कायम तरतूद झाली, तरच जुन्या अनुभवाची पुनरावृत्ती टळेल.