रक्तातला वारसा आणि शस्त्रवैद्याची सुई

भांदक-भद्रावतीत इतिहास म्हटला की विजासनची लेणी डोळ्यांपुढे येतात. आजचा इतिहास मात्र रक्तातून वाहत आला आहे.

1846 साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल जगजाहीर झाली. वेदना गेली, पण स्नायू सैल पडावेत म्हणून भूल फार खोल न्यावी लागे, आणि त्यात जिवाला धोका असे. 1942 साली माँट्रियलच्या ग्रिफिथ व जॉन्सन यांनी क्युरारे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतील वनवासी बाणाला लावीत ते विष, शस्त्रक्रियेत वापरले. पुढे सक्सिनिलकोलीन आले. हंट व तावो यांनी ते 1906 सालीच तपासले होते; पण प्राण्यांना आधीच क्युरारे दिलेले असल्याने त्याचा खरा गुण झाकून राहिला. तो 1949 साली बोव्हे यांनी दाखविला.

या औषधाचा अंमल अवघ्या काही मिनिटांचा, कारण रक्तरसातील एक विकर त्याचे झटपट विघटन करते. काहींच्या अंगी मात्र हे विकर सदोष असते. त्यांचा श्वास तासन् तास परतत नाही. हा दोष आनुवंशिक आहे, हे टोरांटोच्या कॅलो यांनी 1950 नंतरच्या दशकात सिद्ध केले.

हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. आंध्र-तेलंगणातील आर्यवैश्य समाजाची घरे चंद्रपूर, नांदेड, यवतमाळकडेही आहेत. या समाजात हा दोष इतरांपेक्षा अधिक आढळतो. 2006 साली बूपती, लॉकरिज प्रभृतींनी त्यामागील एक जनुकीय बदल दाखविला. 2009 साली राईख, थंगराज व लालजी सिंग यांच्या संशोधनातून दिसले की हा समाज सुमारे शंभर पिढ्या बहुतेक आपल्यातच विवाह करीत आला. मूळच्या थोड्या कुळांतला दोष असा टिकून राहतो. यात कोणाला उणेपणा नाही. एरवी असा माणूस धडधाकट असतो.

धोका आहे तो न सांगण्यात. भूल उतरते, रोगी शुद्धीवर येतो, सारे ऐकतो. पण पापणीही हलवू शकत नाही. भूलतज्ज्ञाने ओळखले तर तो रोग्याला झोपेत ठेवून यंत्राने श्वास देत राहतो, आणि औषध ओसरले की रोगी सुखरूप उठतो. आधीच कळले, तर दुसरे शिथिलक वापरता येते. म्हणून आपल्या घरात कोणाचा श्वास शस्त्रक्रियेनंतर उशिरा परतला असेल, तर लग्नाच्या बोलण्यात उणे निघेल या भीतीने ते झाकू नका. कुळाचा इतिहास सांगायची खरी वेळ शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी असते.