पिक्सेल घनता

पिक्सेल घनता म्हणजे पडद्याच्या एक इंच लांबीत मावणाऱ्या पिक्सेलांची संख्या होय. पडद्याच्या कर्णावरील पिक्सेलांना कर्णाच्या इंचांतील लांबीने भागून ती काढतात. १९२० × १०८० पिक्सेलांच्या २४ इंची मॉनिटरची घनता सुमारे ९२, तर तितक्याच पिक्सेलांच्या २७ इंची मॉनिटरची सुमारे ८२ असते. त्यामुळे सारख्याच अंतरावरून पाहता मोठ्या पडद्यावरील अक्षरे कमी रेखीव दिसतात. मर्यादित खर्चात मॉनिटर घेताना म्हणूनच केवळ आकार पाहणे पुरेसे नसते.

एलसीडी पडद्यावरील पिक्सेलांची संख्या कायम असते. संगणकात त्याहून कमी रिझोल्यूशन निवडल्यास चित्र ताणले जाऊन अक्षरे धूसर होतात. अक्षरे लहान वाटल्यास मूळ रिझोल्यूशन तसेच ठेवून स्केलिंग वाढवतात.